मुक्कामाची गाडी आणि गयाक्काची पेटी

सन एकोणीसशे शहात्तर. मला एकोणिसावं लागलं होतं, असं शाळेचा दाखला म्हणतो. माय म्हणायची, मास्तरनं एक वरीस वाढवून लिहिलंय. चौथीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नाही. आज लिहायला बसलो ते धाकट्या पोरापायी. त्याची पांढरी चारचाकी दारात उभी असते. परळीच्या वीजकेंद्राच्या राखेनं तिची काच सकाळपर्यंत करडी होते, ती तो रोज ओल्या फडक्यानं पुसतो. मला दवाखान्यात किंवा बाजाराला जायचं झालं की तो चावी घेऊन उभा राहतो आणि मी चप्पल घालून फाट्याकडं चालू लागतो. "दारात गाडी असताना तुमी फाट्याला पायी कावून जाता, आण्णा?" असं तो विचारतो. मी म्हणतो, "फाट्यावर एसटी येत असताना तू दारात गाडी कावून घेतलीस?" तो हसतो. त्याला वाटतं म्हातारा हट्टी आहे. हट्टी आहेच. पण त्याच्या प्रश्नाला आणि माझ्या प्रश्नाला उत्तर एकच आहे, आणि ते त्या साली पंचमीला आमच्या दारात घडलं. त्याला कधी तोंडानं सांगितलं नाही. लिहून ठेवतो, वाचायचं तर वाचेल.

आमचं गाव सिरसाळ्याच्या रस्त्याला, थोडं आत. बहात्तरच्या दुष्काळात सगळ्या गावानं खडी फोडली. माझ्या मायनं फोडली, बहिणीनं फोडली, मी टोपल्यांनी वाहिली. ती खडी अंथरत अंथरत रस्ता आमच्या घरापर्यंत आला. तिथं दुष्काळ संपला, म्हणून रस्ताही तिथंच संपला. पुढं त्याच रस्त्यानं लाल गाडी आली. संध्याकाळी परळीहून यायची, आमच्या लिंबाखाली वळायची आणि तिथंच मुक्कामाला थांबायची. सकाळी उतारू भरून परत परळीला, तिथून घाटनांदूरची फेरी, आणि दिवस मावळता पुन्हा आमच्या लिंबाखाली. ड्रायव्हर आणि कंडक्टर आमच्या ओसरीवर झोपायचे, आमच्यात जेवायचे. हे कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी गाडी आली तेव्हा माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, पुढं होऊन म्हणाले, "भाकर खाऊन झोपा." मग ते रोजचंच झालं.

दादांचा त्या गाडीवर लई जीव होता. पारावर बसून ते सांगायचे, "पाटलाच्या दारात बैलगाडी सुटती. आमच्या दारात सरकार झोपतं." लोक चिडवायचे, "सरकार घोरतं का वो, दादा?" दादा म्हणायचे, "घोरतं. पन येळंवर उठतं." ते खरंच होतं. ड्रायव्हर चाँदभाई परळीचे, मोंढ्याच्या मागं त्यांचं घर. उंच, हाडकुळा माणूस, डोक्याला कायम मफलर. त्यांच्या घोरण्यानं आमचा बैल कान टवकारायचा. पण पहाटे कोंबड्याच्या आधी ते उठलेले असायचे. माझं काम ठरलेलं: आडातून दोन घागरी पाणी शेंदून इंजिनात ओतायचं आणि पुढची काच पुसायची. थंडीच्या दिवसांत गाडी चालू व्हायची नाही. मग शाळेची पोरं, दूधवाला, बाजारकरी, सगळे मागून धक्का मारायचे. चाँदभाई आतून ओरडायचे, "जोर लगाव बे, भाकर खाऊन आलाव ना." गाडी खोकत खोकत चालू झाली की धुराचा ढग आमच्या घरात शिरायचा आणि माय चुलीपुढून म्हणायची, "आलं बाई सरकार."

मायच्या हाताला चव होती. येसराची आमटी, ज्वारीची भाकर, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा. अंबाडी आली की अंबाडीची भाजी. कंडक्टर ब्राह्मणाचा पोरगा होता. पहिले काही दिवस ओसरीच्या कोपऱ्यात स्वतःचा डबा उघडून बसायचा. येसराच्या वासानं एक दिवस आपणहून ताट घेऊन पंगतीला आला. मायनं त्याला भाकर वाढली.

भाकरी करायची माझी बहीण गया. मला दोन वर्षांनी मोठी. मी तिला गयाक्का म्हणायचो, ती मला बापू. गावाबाहेर चढ आहे. त्या चढाला गाडीचा आवाज बदलायचा. तो आवाज आला की गयाक्का तवा चुलीवर ठेवायची, आणि चाँदभाई हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत पहिली भाकर फुगलेली असायची. तिनं दुसरी कुठली गाडी पाहिलीच नव्हती. त्या वैशाखात तिचं लग्न घाटनांदूरच्या चांगल्या घरात झालं. सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणायचे. बागायत होती, माणसांत वजन होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी गयाक्का सासरी गेली तीही याच गाडीनं. चाँदभाईंनी बोनेटला आंब्याचे डहाळे बांधले होते. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर ती बसली. पायापाशी तिची पत्र्याची पेटी ठेवायला जागा नव्हती, म्हणून पेटी टपावर बांधली. गाडी चढावरून गेली. तिथं आवाज बदलला, आणि माय सवयीनं चुलीकडं वळली.

लग्नानंतरची पहिली पंचमी. आमच्याकडं पंचमी म्हणजे लेकीचा सण. दिवाळीला लेक नाही आली तरी चालतं, पंचमीला नाही आली तर गाव विचारतं. आणि लेक आपणहून येत नाही. तिला आणायला मुराळी जातो. मुराळी म्हणजे भाऊच. तो शिदोरी घेऊन तिच्या सासरी जातो, सासूच्या हातात शिदोरी देतो, त्यांचं जेवतो, आणि बहिणीला संगं घेऊन येतो. मुराळ्याबिगर लेक दारात आली, तर लोक आधी तिच्या मागं कोण आहे ते बघतात, मग तिच्या सामानाकडं बघतात. मुराळी नाही, सासरचं घरचं माणूस नाही, आणि पेटी संगं आहे, म्हणजे पोरगी नांदवायची नाही म्हणून टाकून गेले. हे कुणी शिकवत नाही. आमच्याकडं तान्ह्या पोरालाही ते माहीत असतं.

आठवडाभर आधी कंडक्टरच्या हाती सांगावा गेला: पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारच्या गाडीनं मुराळी येतोय. आप्पांनी नुकतीच जीप घेतली होती, लिलावातली, रंग देऊन नवी केलेली. तेही आम्हाला कंडक्टरनंच सांगितलं. दादा म्हणाले, "घेऊ दे. आपली गाडी त्याच्या जीपच्या चौपट हाय." घाटनांदूरला आगीनगाडीही जायची, पण आपल्या दारची गाडी सोडून दुसरीकडं बसणं दादांच्या मनातही आलं नाही.

मायनं धपाटे केले, कानवले केले, टोपलीवर नवं फडकं बांधलं. लिंबाला झोका बांधायचं काम माझं. मी कासरा घेतला, दोन्ही टोकांना घट्ट गाठी मारल्या, बसायला पाट लावला आणि स्वतः बसून बघितलं. सकाळी निघताना ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर माझं उपरणं अंथरून ठेवलं. चाँदभाई म्हणाले, "येताना लागंल ते आत्ताच कावून अंथरलं बे?" मी म्हणालो, "जागा धरून ठेवतो." ते म्हणाले, "दिवसभर माझ्याच गाडीत हाईस. मी कुनाला बसू देनार हाय का?" तरी त्यांनी ते काढलं नाही. परळीत एक शेठ बसायला आला तर त्याला म्हणाले, "तिथं पोरगी बसनार हाय." शेठ म्हणाला, "कुठंय पोरगी?" "येताना बसनार हाय." शेठ मागं जाऊन बसला.

परळी सोडली आणि पाऊस लागला. पुढं एक ओढा होता, तेव्हा त्यावर पूल नव्हता, फरशी होती. फरशीवरून पाणी चाललं होतं, गढूळ, गुडघ्याएवढं. चाँदभाईंनी गाडी अलीकडं थांबवली. उतारू म्हणाले, "घाला हो, काय होत न्हाई." चाँदभाई म्हणाले, "माझ्या मागं पन्नास मानसं हायत. फरशी दिसल्याबिगर चाक घालनार न्हाई." मग सगळे उतरून काठावर उभे राहिलो. कुणी बिडी ओढली, कुणी भुईमुगाच्या शेंगा सोलल्या. तेवढ्यात पलीकडून एक जीप आली. हिरवी, चकचकीत, बाजूचे ताडपत्रीचे पडदे खाली सोडलेले. थांबलीच नाही. सरळ पाण्यात घुसली, दोन्ही बाजूंनी पाण्याचे पंख उडाले, आणि आमच्या अंगावर चिखल उडवून परळीकडं गेली. एक म्हातारा धोतर झटकत म्हणाला, "सोताची हाय बाबा. बुडली तर एकट्याची बुडंल." सगळे हसले. मीही हसलो. चाँदभाई म्हणाले, "नवी दिसती."

पाणी उतरायला लई वेळ लागला.

आप्पांच्या वाड्यावर पोचलो तेव्हा त्यांची जेवणं उरकली होती. आप्पा झोपाळ्यावर सुपारी कातरत होते. मला बघून म्हणाले, "या पाव्हणं. भिजलाव की." मी टोपली आत दिली. आतून गयाक्का बाहेर येईल म्हणून दाराकडं बघत होतो. आप्पा म्हणाले, "तिकडं काय बघता? तुमची आक्का तर कवाच गेली. तुमची गाडी येईना. म्हणलं, एसटीचा काय भरवसा, जीप तर दारात उभीच हाय. गड्याला म्हणलं, जा, पोच करून ये. आत्तापतुर तुमच्या दारात उतरली आसंल. तुमी चहा घेस्तवर ती झोक्यावर बसंल."

ते वाईट मनानं बोलले नाहीत, हे मी आजही म्हणतो. नवी गाडी होती, ती मिरवायची हौस होती, आणि सून लवकर माहेरी जावी हेही होतं. सासूबाई म्हणाल्या, "गाडीत जागा होती, म्हणून पेटी पन ठिवली. एसटीत बोचक्यात कोंबाव्या लागतेत लुगडी." मी मान डोलावली. मला तेव्हा एवढंच वाटलं की शिदोरी फुकट गेली. मुराळी म्हणून येऊन रिकामा परत जाणं बरं दिसत नव्हतं, पण आक्का घरी पोचली होती, मग काय. त्यांनी आग्रह करकरून वाढलं. पुरणपोळी, तुपाची धार. पोट तट्ट झालं. परतीच्या गाडीत मी चाँदभाईंच्या मागच्या बाकावर, माझ्याच उपरण्यावर, खिडकीला डोकं लावून झोपलो.

चढावर आवाज बदलला तेव्हा जाग आली. गाडी लिंबाखाली वळली. झोका बांधलेला तसाच होता, पाट पावसानं भिजलेला. आणि दादा गाडीच्या दाराशी येऊन उभे होते. एवढ्या वर्षांत ते कधी गाडीच्या दाराशी आले नव्हते. ओसरीवर बसून ते हात वर करायचे, चाँदभाई आपणहून त्यांच्याकडं जायचे. त्या दिवशी ते दाराशी होते, आणि त्यांनी हात पुढं केला होता, सामान घ्यायला करतात तसा. मी उतरलो. दादांनी माझ्या मागं पाहिलं. मी दादांच्या मागं, घराकडं पाहिलं. माझ्या मागं एक म्हातारी उतरली, तिच्या मागं दूधवाला, मग कंडक्टर. दादांनी गाडीच्या आत मान घालून बघितलं.

"गया कुठंय?" दादा म्हणाले.

"घरात न्हाई का?" मी म्हणालो.

माय ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

दुपारी काय झालं ते मायनं सांगितलं. जीप आली ती कर्णा वाजवत. मायला तो आवाज ओळखीचा नव्हता, म्हणून पुरण घोटायचं सोडून ती उठली नाही. पारावरची सगळी माणसं उठून आमच्या दारात आली. जीपमधून एक गडी उतरला, आप्पांच्या घरचं कुणी नाही. दादांनी विचारलं, "मुराळी कुठंय?" गडी म्हणाला, "मला काय ठावं न्हाई. मला सांगितलंय, पोच करून ये." एवढं बोलून त्यानं मागची फळी पाडली आणि पेटीला हात घातला. मुराळी नाही, सासरचं माणूस नाही, तोंडात पोच करून यायची भाषा, आणि पेटी. पारावरचे लोक एकमेकांकडं बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "तीन म्हैन्यात?" गयाक्कानं पडदा बाजूला केला होता. एक पाय लोखंडी पायरीवर ठेवला होता. ती हसत होती, माय म्हणाली. हसतच उतरत होती.

दादा म्हणाले, "पेटी खाली काढू नको."

मग गयाक्काला म्हणाले, "गया, बापू तुला आणायला गेलाय. तो रिकामा येईल तर बरं दिसंल का? जा माघारी. त्याच्यासंगं ये. सांच्याला आपल्या गाडीत बसून ये." रागानं नाही. समजावल्यासारखं. जीप जोरात जाते, गाडी सुटायच्या आधी ती घाटनांदूरला पोचेल, आणि दिवस मावळता मुराळ्यासंगं सगळ्या गावापुढं लिंबाखाली उतरेल, असा त्यांचा हिशोब होता. तसं झालं असतं तर पारावरची तोंडं बंद झाली असती. गडी म्हणाला, "आप्पाला काय सांगू?" दादा म्हणाले, "सांग, आमची गाडी उशिरा येती, पन येती."

माय पुरणाच्या हातानंच बाहेर पळत आली. "पानी तरी पिऊ द्या," म्हणाली. दादा त्याला नाही म्हणाले नाहीत. मायनं तांब्या जीपमध्ये दिला. गयाक्कानं पायरीवरचा पाय आत घेतला, बसल्या जागी पाणी प्याली. जीप लिंबाखाली वळली, जिथं गाडी वळते तिथंच, आणि गेली.

"रडली का?" मी मायला विचारलं.

"न्हाई," माय म्हणाली. "तांब्या परत दिला."

चाँदभाई पायऱ्यांवर बसून हे सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "परळीच्या नाक्यावर तीच जीप उलटी गेली. मी म्हणलं रिकामी चालली." माय ताटं वाढायला उठली. चुलीपाशी वाकून ती म्हणाली, कुणाकडं न बघता, "गाडीत जागा होती म्हणून टाकली आसंल पेटी." दादा भाकर मोडत होते. त्यांचा हात थांबला. मग त्यांनी तो तुकडा आमटीत बुडवला आणि खाल्ला. "चाँदभाई, भाकर घ्या," म्हणाले. चाँदभाईंनी घेतली. कंडक्टरनं घेतली. मीही घेतली. पुरणाचं पातेलं चुलीच्या कडेला झाकून ठेवलेलं होतं, त्याचा गूळ-वेलदोड्याचा वास सगळ्या घरात होता.

मला तेव्हा काही वाटलं नाही. लिहितानाही काही वाटत नाही. मांडी घालून लई वेळ बसलं की पाय बधिर होतो, चिमटा काढला तरी आपला वाटत नाही, तसं आहे ते. मी अधूनमधून चिमटा काढून बघतो.

पुढचं थोडक्यात. आप्पांना ते लागलं. माहेरच्या दारातून सून माघारी आली, तीही त्यांच्या नव्या जीपमधून, हे घाटनांदूरला सगळ्यांनी पाहिलं. त्यांनी निरोप दिला: आता बापानं सोता यावं न्यायला. दादा म्हणाले, "मुराळी भाऊ असतो. बाप न्हाई." मी दिवाळीला गेलो, संक्रांतीला गेलो, पुढच्या पंचमीलाही गेलो, टोपली घेऊन. आप्पांनी जेवू घातलं, मान ठेवला, आणि तेच सांगितलं. घरी येऊन मी दादांना सांगायचो, ते तेच सांगायचे. गयाक्का चांगली नांदली. तिला पोरं झाली, पोरांना पोरं झाली. आमच्या दारात ती आली ती दादा गेल्यावर. त्या दिवशी ती जीपमधून उतरली. पारावरच्या कुणी मागं कोण आहे ते बघितलं नाही.

दादांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. गावानंही म्हटलं नाही. गावानं दुसरंच म्हटलं. पारावर बसून लोक म्हणाले, दादाची सोताची जीप असती तर असं झालं नसतं. मुराळी जीपमध्ये गेला असता, जीपमध्ये आला असता, ओढ्याला थांबला नसता. पुढच्या पंचमीला पाटलानं लेकीला आणायला सिरसाळ्याहून जीप ठरवली. त्याच्या पुढच्या पंचमीला दोघांनी. मग भाड्याच्या काळ्या-पिवळ्या जीपा आल्या, मग दुचाक्या, मग ज्याच्या त्याच्या दारात चारचाकी. परळीला एसटीच्या निम्म्या वेळात पोचते म्हणून नाही. माणूस गेला कसा हे कुणी बघत नाही, उतरला कसा हे गाव बघतं. एसटीतून सगळे एका दारानं उतरतात, पाटील आणि म्हातारी, कोंबड्या आणि बोचकी. स्वतःच्या गाडीतून उतरताना दार फक्त आपल्यासाठी उघडतं. माझा पोरगा लग्नाला जातो तेव्हा मांडवाच्या तोंडाशी गाडी थांबवतो, मग पन्नास पावलं मागं जाऊन ती लावतो. बायकोला आधी उतरवतो. मी ते बघतो. तो बरोबरच करतो.

आमच्या लिंबाखालचा मुक्काम बंद झाला, कारण सकाळी बसायला माणसं उरली नाहीत. चाँदभाईंची त्याआधीच बदली झाली होती. बरीच वर्षं ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचा डबा यायचा, कुणाच्या तरी मोटरसायकलवर.

गयाक्का आता थकली आहे. दोन वर्षांमागं मी तिला भेटायला गेलो, एसटीनं. ती खाटेवर बसून शेंगा निवडत होती. बोलता बोलता म्हणाली, "त्या दिवशी परळीच्या नाक्यावर मला आपली गाडी दिसली होती, बापू. पडद्याच्या फटीतनं. चाँदभाई दिसला. त्याच्या मागं तू. खिडकीला डोकं लावून झोपला होतास."

"मग थांबवायची की जीप," मी म्हणालो.

"गड्याला म्हणणार होते. तोंडातच आलं होतं." ती शेंगा निवडत राहिली. "मग म्हणलं, दादांनी सांगितलंय तिकडनं ये म्हणून. मधीच कसं उतरायचं?"

मी म्हणालो, "बरोबर हाय." आम्ही दोघं त्याच बापाची लेकरं. तिनं चहा केला. नातू म्हणाला, "मामा-आजोबा, गाडीनं सोडतो फाट्यापर्यंत." मी नको म्हणालो.

त्या पंचमीची सकाळ. सणाच्या दिवशी लेक हलवत नाहीत, मुराळीही निघत नाही. त्यामुळं आता काही करायचं राहिलं नव्हतं. मी उठलो, आडातून दोन घागरी पाणी शेंदलं, इंजिनात ओतलं. पुढची काच पुसली. आत चढून ड्रायव्हरच्या मागच्या बाकावरचं उपरणं उचललं, झटकलं आणि खांद्यावर टाकलं. उतारू बसले. चाँदभाईंनी खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं, "येतो का बे? जाऊन येऊ." मी दादांकडं पाहिलं. ते ओसरीवर उकिडवे बसून राखुंडीनं दात घासत होते आणि त्यांची पाठ आमच्याकडं होती. मी नाही म्हणून मान हलवली. चाँदभाई थोडे थांबले. मग त्यांनी गाडी काढली.

मी लिंबावर चढलो. झोक्याचा कासरा रातभर पावसात भिजून फुगला होता आणि गाठी आवळल्या होत्या, मीच घट्ट मारलेल्या. नखानं सुटेनात. विळा लावला असता तर झटक्यात झालं असतं, पण पंचमीला काही कापत नाहीत. फांदीवर पालथा पडून मी दातानं गाठ सोडवायला लागलो. खालून मायनं विचारलं, "राहू दे की, शेजारच्या पोरी बसतील." मी गाठीतून दात काढले नाहीत. चढावर गाडीचा आवाज बदलला, मग लांब गेला, मग ऐकू येईना झाला, तेव्हा कुठं पहिली गाठ सुटली. मग मी दुसरीकडं सरकलो.